नॉर्विन ग्रीनची अर्ध्या दिवसाची फेरी: एक धबधबा, दोन जुन्या खाणी

न्यू जर्सीत राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत मे महिना लागला की एकच प्रश्न असतो. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आई-बाबा आलेले असतात, मुलांना शनिवार-रविवार मोकळा असतो, मॉल आणि मंदिर दोन्ही पाहून झालेलं असतं. आता न्यायचं कुठे? माझं उत्तर गेली बरीच वर्षं ठरलेलं आहे: रिंगवुडजवळचं नॉर्विन ग्रीन राज्य वन. एडिसनहून गाडीने तासाभरावर आहे. प्रवेशशुल्क नाही. साधारण तीन मैलांच्या फेरीत एक छोटा धबधबा, लोखंडाच्या दोन जुन्या खाणी आणि एक टेकडी असं सगळं येतं. तरीही तिथे मराठी माणसं भेटतात ती बहुतेक वायनोकी हाय पॉइंटच्या माथ्यावर. घाईने चढायचं, फोटो काढायचा, घाईने उतरायचं, आणि खाणींच्या बाजूला फिरकायचंच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी जागेबद्दल थोडं, कारण ते माहीत असलं की वाटेवरचा प्रत्येक दगड वेगळा दिसतो. हा भाग न्यू जर्सीच्या हायलँड्समधला. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथला खडक नाइस जातीचा आहे आणि त्याचं वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. त्यातच मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाच्या शिरा आहेत. 1760 च्या दशकात पीटर हासेनक्लेव्हर हा जर्मन उद्योजक लंडनमधल्या भागीदारांचं भांडवल घेऊन इथे आला. त्याने रिंगवुडच्या परिसरात भट्ट्या उभारल्या आणि जर्मनीतून शेकड्यांनी कामगार आणले. आपण पाहणार ती ब्लू माइन त्याच काळातली. दुसरी रूमी माइन नंतरची, 1840 च्या आसपास सुरू झालेली. रूमी म्हणजे ऐसपैस असा अर्थ इथे नाही. बेंजामिन रूम नावाच्या स्थानिक भूमापकावरून ते नाव पडलं. पुढे आजूबाजूची जमीन ह्युइट कुटुंबाकडे होती, आणि 1946 मध्ये नॉर्विन ह्युइट ग्रीन यांनी ती राज्याला दिली, म्हणून वनाला त्यांचं नाव.

कधी जावं

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात धबधबा म्हणजे जुलै-ऑगस्ट. इथे ते गणित उलटं आहे. बर्फ वितळून ओढे फुगतात ते मार्च-एप्रिलमध्ये, आणि ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांत तोच धबधबा खडकावरून ओघळणारी एक धार उरतो. पाणी पाहायचं असेल तर एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा उत्तम. उन्हाळ्यात जायचंच असेल तर चांगला पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबून जा. त्याच दिवशी गेलात तर ओढा ओलांडायचे दगड पाण्याखाली असतात. जूनमध्ये पाणी थोडं कमी होतं, पण माउंटन लॉरेलची झुडपं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरतात आणि काही ठिकाणी वाट अक्षरशः फुलांच्या बोळातून जाते. ऑक्टोबर रंगांचा महिना खरा, पण तेव्हा पानांचा थर दगड आणि मुळं झाकून टाकतो. माझे बाबा याच वाटेवर उतारावर पानांवरून घसरले होते. मनगट सुजण्यावर निभावलं, पण तेव्हापासून मी ज्येष्ठांना ऑक्टोबरच्या उत्तरार्धात इथे आणत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर हा शिकारीचा हंगाम. त्या दिवसांत गेलात तर भडक नारिंगी जाकीट किंवा टोपी घाला, मुलांनाही घाला. आणि डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी दोननंतर सुरुवात करू नका.

निघण्यापूर्वी

आदल्या रात्री न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्सचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. 1920 पासून चालत आलेली ही स्वयंसेवकांची संस्था आहे; या वाटांची निगा आणि झाडांवरच्या खुणा हे त्यांचंच काम. त्यांचे नॉर्थ जर्सीचे नकाशे अव्हेन्झा या ॲपवर मिळतात आणि नेटवर्क नसतानाही तुम्ही कुठे उभे आहात ते दाखवतात. जंगलात फोनच्या सिग्नलचा भरवसा धरू नका. नकाशा नवा असू द्या, कारण वाटा अधूनमधून वळवल्या जातात आणि दहा वर्षांपूर्वीचं वर्णन वाचून गेलेला माणूस चुकतो. छापील नकाशा मिळाला तर तोही घ्या. होकायंत्रावर विसंबू नका. खाणींच्या परिसरात जमिनीतलं मॅग्नेटाइट सुईला ओढतं. पूर्वीचे भूमापक अशाच बहकणाऱ्या सुईवरून खनिजाची शीर शोधत.

पायांत घोट्याला आधार देणारे, खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. रोजचे पळायचे बूट कोरड्या दिवशी चालून जातात, पण ओल्या नाइसवर ते साबणासारखे घसरतात. पाणी माणशी दीड लिटर. जास्तीचा मोज्यांचा जोड घ्या, कारण ओढ्यात एकाचा तरी पाय जातोच. खाण्यात आमच्याकडे मेथीचे ठेपले किंवा दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की ठरलेली असते. हात न धुता खाता येतं आणि काही सांडत नाही. सांडण्याला महत्त्व आहे, कारण हा काळ्या अस्वलांचा प्रदेश आहे. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उष्टं-खरकटं, फळांच्या साली सगळं परत घरी आणा. न्यू जर्सीच्या राज्य उद्यानांत आपला कचरा आपणच परत न्यायचा असतो, कचऱ्याचे डबे मिळणार नाहीत. मद्यालाही बंदी आहे.

आणखी दोन वस्तू: एक लहानसं फ्रिज मॅग्नेट आणि एक टॉर्च. मॅग्नेट का, ते पुढे येईल.

पोचायचं कसं

287 महामार्गावर उत्तरेकडे जात 55 क्रमांकाला बाहेर पडा आणि रिंगवुड ॲव्हेन्यूने, म्हणजे 511 ने, वर चला. स्वच्छतागृह, कॉफी, पेट्रोल जे काही असेल ते याच रस्त्यावर उरकून घ्या, पुढे सोय धरू नका. काही मैलांनी डावीकडे वेस्ट ब्रूक रोड लागतो आणि वॉनक्यू जलाशय ओलांडतो. हे पाणी उत्तर जर्सीतल्या अनेक शहरांच्या नळांना जातं. तिथून स्नेक डेन रोडला वळायचं. रस्ता अरुंद होत जातो, दोन्ही बाजूंना लोकांची घरं आहेत, तेव्हा गाडी हळू चालवा आणि कुणाच्या दारात लावू नका. वाहनतळ छोटा आहे. मे ते ऑक्टोबरच्या सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत पोचलात तर जागा मिळते. जागा नसेल तर रस्त्याच्या कडेला अडकवण्यापेक्षा सरळ जवळच्या रिंगवुड मॅनर या जुन्या वाड्याकडे जा आणि इथे दुसऱ्या दिवशी या.

झाडांवरच्या खुणा वाचायला शिका

आपल्याकडे गडावर जाताना दगडावर रंगवलेले बाण असतात, नाहीतर गावातल्या मामांना विचारायचं. इथे विचारायला कुणी नसतं, पण खुणांची पद्धत फार चोख आहे. प्रत्येक वाटेला एक रंग, आणि त्या रंगाचे हाताच्या पंजाएवढे पट्टे झाडांवर रंगवलेले. एकच पट्टा असेल तर सरळ चला. एकावर एक दोन पट्टे असतील तर वळण आलं, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला असेल तिकडे वळायचं. तीन पट्ट्यांचा त्रिकोण म्हणजे वाटेची सुरुवात किंवा शेवट. मुलांच्या हाती हे काम द्या. सात-आठ वर्षांची मुलं पट्टे शोधत पुढे पळतात आणि ‘अजून किती’ विचारायचं विसरतात. नियम एकच: शंभर पावलांत पट्टा दिसला नाही तर थांबायचं, शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे यायचं. अंदाजाने पुढे जायचं नाही.

आपल्याला लागणारे रंग असे: हिरवा ऑटर होल ट्रेलचा, पांढऱ्यावर पिवळा ठिपका माइन ट्रेलचा, हीच आपली मुख्य वाट, नारिंगी रूमी माइनचा. हाय पॉइंटला जायचं असेल तर निळा ह्युइट-बटलरचा आणि पांढऱ्यावर लाल वायनोकी सर्क्युलरचा. मोरपिशी चौकटही वाटेत दिसेल, ती लांब पल्ल्याच्या हायलँड्स ट्रेलची. काही जागी दोन-तीन वाटा एकत्र चालतात, तेव्हा एकाच झाडावर दोन-तीन रंग पाहून गोंधळू नका. आपला रंग आहे ना, एवढंच बघा.

प्रत्यक्ष फेरी

वाहनतळावरून हिरव्या खुणांनी सुरुवात करा. थोड्याच वेळात ओढ्याकाठी हायलँड्स नॅचरल पूल लागतो. ओढ्याच्याच पाण्यावर चालणारा, क्लोरिन न घालता राखलेला हा तलाव. नेचर फ्रेंड्स नावाच्या कामगारांच्या निसर्गमंडळाने 1930 च्या दशकात तो श्रमदानाने बांधला. त्यांत जर्मनीतून आलेली माणसं पुष्कळ होती. दुसऱ्या देशात येऊन, आठवडाभर राबून, सुट्टीच्या दिवशी आपल्या मंडळासाठी तलाव बांधणारी ती माणसं मला फार जवळची वाटतात. उन्हाळ्यात तिथे पोहता येतं, पण ती खाजगी व्यवस्था आहे, शुल्क आणि वेळा आधी बघून जा.

पुढे हिरवी वाट ओढ्याच्या बाजूने चढते. या ओढ्याचं नाव ब्लू माइन ब्रूक. पुढचा अर्धा दिवस तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे सोबत असणार आहे. पिवळा ठिपका दिसला की हिरवी वाट सोडून त्याच्या मागे लागा. याच भागात निळ्या खुणा फुटतात. इथे थांबून एक निर्णय घ्यायचा: हाय पॉइंटला जायचं की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. सोबत सत्तरीचे आई-बाबा किंवा सहा वर्षांखालची मुलं असतील तर नको. माथा 960 फुटांवरच आहे, आकडा ऐकून सिंहगड चढलेल्या माणसाला काही वाटत नाही, पण शेवटचा टप्पा उघड्या खडकावरून हात टेकत चढायचा आहे आणि उतार त्याहून अवघड. दम आणि गुडघे शाबूत असतील तर जरूर जा. खाली वॉनक्यू जलाशय पसरलेला दिसतो आणि स्वच्छ दिवशी क्षितिजावर मॅनहॅटनच्या इमारती. फेरी दोनेक मैलांनी आणि दीड तासाने वाढते. उतरताना पांढऱ्यावर लाल खूण धरली की ती पुन्हा पिवळ्या ठिपक्यापाशी आणून सोडते. बाकीच्यांनी पिवळा ठिपका सोडायचाच नाही.

ब्लू माइन ओढ्याला लागूनच आहे. लाकडी साकव आला की समजा आलंच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती खाण वाटतच नाही. खडकात एक मोठं काळं तोंड आणि त्यात काठोकाठ पाणी. खालची सगळी खाण बुडालेली आहे. खनिजाच्या निळसर काळ्या छटेवरून तिला ब्लू माइन म्हणतात. खाणीला पाण्याचा शाप होता: जितकं खोल जावं तितकं पाणी भरायचं, उपसा परवडेना की काम बंद, लोखंडाचा भाव वाढला की पुन्हा उपसून सुरू. असं बंद-चालू करत ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. तोंडासमोर काँक्रीटचा एक ओटा आहे. त्यावर वाफेवर चालणारी यंत्रं बसवलेली होती. मुलांचा हात धरून ठेवा आणि पाण्याच्या कडेला जाऊ नका. कड निसरडी आहे आणि आत एकदम खोल उतरत जाते. पाण्यात हात-पाय घालण्याचा प्रश्नच नाही.

इथेच बसून खाऊन घ्या, पण खाण्याआधी मॅग्नेट काढा. आजूबाजूला खाणकामगारांनी टाकून दिलेल्या दगडांचे ढीग आहेत. बहुतेक दगड फिकट करडे. त्यांत काळपट, हाताला नुसता उचलूनच जड वाटणारा एखादा तुकडा शोधा आणि मॅग्नेट लावा. चिकटलं की मुलांचे डोळे बघा! ज्यांनी रेडी किंवा गोव्याच्या खाणी पाहिल्या आहेत त्यांना लोहखनिज म्हणजे लाल धूळ असंच वाटतं. तिथलं प्रामुख्याने हेमॅटाइट, म्हणून ते लाल. हे मॅग्नेटाइट, म्हणून काळं आणि चुंबकाला चिकटणारं. पाहून झालं की दगड जागेवर ठेवा. राज्य वनातून दगड घरी न्यायला परवानगी नाही.

खनिज वितळवायला लाकडी कोळसा लागे. एका भट्टीला दिवसाला साधारण एक एकर जंगल लागत असे, असं सांगतात. म्हणजे आज ज्या दाट झाडीत तुम्ही बसला आहात ती त्या काळची नाही. हे सगळे डोंगर तेव्हा बोडके झाले होते. पुढे पेनसिल्व्हेनियाचा दगडी कोळसा आणि मिनेसोटाचं स्वस्त, उघड्यावर खणता येणारं खनिज आलं. हायलँड्समधल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि जंगल परतलं.

ब्लू माइनपासून पिवळा ठिपका धरून पुढे गेलं की नारिंगी खुणा लागतात. त्यांच्या मागे चढून थोड्याच अंतरावर रूमी माइन. इथे पाणी भरलेलं नाही. डोंगराच्या कुशीत आडवा बोगदा आहे, आणि त्याच्या तोंडाशी खडकातल्या बुटक्या भोकातून वाकून शिरावं लागतं. 1 सप्टेंबर ते 30 एप्रिल या काळात आत जायला बंदी असते, कारण वटवाघळं तिथे हिवाळी झोप घेतात. ही बंदी मनापासून पाळा. 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी प्रथम आढळली, आणि त्या रोगाने उत्तर अमेरिकेतली लाखो वटवाघळं मेली. न्यू जर्सीतल्या खाणींतही त्यांचा संहार झाला. बुरशीमुळे ती ऐन थंडीत जागी होतात, साठवलेली चरबी संपते आणि बाहेर खायला किडा नसतो. आपण आत शिरून त्यांना उठवलं तरी हेच होतं. बुरशीचे बीजाणू बुटांना-कपड्यांना चिकटून एका गुहेतून दुसरीकडे जातात, हेही लक्षात ठेवा.

बाकीच्या महिन्यांत लोक आत जातात. मी जात नाही आणि तुम्हालाही जा म्हणणार नाही. दीडशेहून जास्त वर्षं कुणी न सांभाळलेलं छप्पर आहे ते. तोंडाशीच बसा. जुलैच्या उकाड्यात आतून येणारी थंड हवा अंगावर घ्या, टॉर्चचा झोत आत टाकून भिंती पाहा. छिन्नी-हातोड्याने भोक पाडायचं, काळी दारू ठासायची, सुरुंग उडवायचा, फुटलेला दगड हातांनी बाहेर काढायचा, अशा कामातून हा बोगदा तयार झाला. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “किती मेले असतील रे आत?” मला उत्तर देता आलं नाही. पण त्यानंतर मी कधी या जागेवरून घाईने पुढे गेलो नाही.

रूमी माइन पाहून पुन्हा पिवळ्या ठिपक्यावर या. वाट बॉल माउंटनच्या अंगावरून जाते, एक छोटा चढ आणि मग ओढ्याकडे उतार. उताराला काठी असेल तर ज्येष्ठांना द्या. पाण्याचा आवाज वाढत जातो आणि वायनोकी फॉल्स येतो. ठोसेघर मनात धरून आलात तर निराश व्हाल. खडकांच्या पायऱ्यांवरून उड्या मारत जाणारा हा छोटा धबधबा, पण त्यात उतरणारं पाणी सकाळपासून आपल्यासोबत असलेल्या त्याच ब्लू माइन ब्रूकचं आहे. ज्या पाण्याने खाण बुडवली त्याच खोऱ्याचं. म्हणूनच मी फेरी या दिशेने करायला सांगतो, धबधबा शेवटी. ओढा ओलांडताना कोरडे दगड निवडा, हिरवट काळे टाळा, आणि एका वेळी एकानेच जा. पाणी जास्त असेल तर हट्ट न करता आल्या वाटेने परत फिरा. ओढ्यापलीकडे वाट स्नेक डेन रोडला लागते आणि रस्त्याने वाहनतळ गाठता येतो. मुलांसह, खाण्याबसण्यासकट तीन तास धरा.

मोठा धबधबा पाहायचाच असेल तर दक्षिणेला पोस्ट्स ब्रूकवर चिकाहोकी फॉल्स आहे. तो अधिक देखणा आहे, खाली डोहही आहे. मात्र या फेरीला जोडला तर अंतर दुपटीच्या आसपास जातं. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

सावधगिरीचं

अस्वल दिसलं तर पळू नका. मोठ्याने बोला, लहान मुलांना उचलून घ्या, त्याला जायला वाट सोडून सावकाश मागे सरका. खडकांच्या भेगांत हात घालू नका. इथे टिंबर रॅटलस्नेक आणि कॉपरहेड हे दोन्ही विषारी साप आहेत, उन्हात खडकावर पडलेले असतात आणि डिवचल्याशिवाय वाटेला जात नाहीत. तीन पानांचा झुपका असलेली पॉयझन आयव्ही मुलांना ओळखायला शिकवा. तिच्या स्पर्शाने आठवडाभर खाज आणि फोड येतात.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती टिक्सची, आपल्याकडच्या गोचिडीसारख्या किड्यांची. इथली डीअर टिक लहानपणी खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि लाइम रोग देते. फिकट रंगाची पूर्ण लांबीची पँट घाला, तिची टोकं मोज्यांत खोचा, गवतात बसू नका. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्यांचे कपडे थेट ड्रायरमध्ये, जास्त उष्णतेवर दहा मिनिटं. धुवायचे नंतर. मग अंघोळ, आणि काखा, गुडघ्यामागची घडी, कानामागे, केसांत, बेंबीत नीट तपासणी. आई-बाबांचं तपासायला संकोचू नका. टिक चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा आगकाडी लावू नका. चोवीस तासांच्या आत काढली तर संसर्गाची शक्यता फार कमी राहते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर ती तारीख डॉक्टरांना सांगा.